मुद्रेश्वराच्या नावे प्रलंबित अर्ज

शालू,

तारखा आधी. "दादा, उद्या मी मेले तरी तू आधी तारीख विचारशील," असे तू म्हणायचीस. विचारली. नोंदी पुढीलप्रमाणे.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३, पहाट. जबाबदार : तुझ्या नोकरीच्या गावाखालचा खडक. खडकावर समन्स बजावता येत नाही, हे कोर्टात उभी हयात शिरस्तेदारकी केलेल्या माणसाला कळते. तरीही नोंद केली आहे.

त्याच वर्षीचा दसरा ते संक्रांत, हा सर्व काळ. जबाबदार : माझ्या चार अर्जांची साधी पोचही न देणारे सर्व अधिकारी, लहानमोठे, हयात असलेले व नसलेले.

लातूरला तुझ्या बिऱ्हाडाखाली शिकवणी वर्ग चालवणाऱ्या संचालकांनी तुझ्या खेळावर बंदी घातली, तो जून. जबाबदार : सदर संचालक.

गेल्या महिन्यातला गुरुवार, दुपारच्या जेवणानंतर. जबाबदार : अद्याप निश्चित नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्यांना लेखी कळवले की हृदय हा अवयव आहे, पक्षकार नव्हे. त्यांचे उत्तर आलेले नाही.

यातली दुसऱ्या क्रमांकाची नोंद मला दुरुस्त करावी लागणार आहे. का, ते पुढे येईल. मी नोंद सहसा दुरुस्त करत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे प्रकरण गंभीर आहे, एवढे तूर्त समजून घे.

जाण्याच्या दोन दिवस आधी तू फोनवर मला एक प्रश्न सोपवलास आणि उत्तर न देता गेलीस. तुझ्या खेळातला एवढा बलवान देव मुद्रेश्वर कशाला घाबरतो? तुझे दिवस घालून झाले, पाहुणे परतले, आणि मी नांदेडच्या घरात त्या एका प्रश्नाभोवती फिरतो आहे. शोक करावा असे लोक सांगतात. मला आधी हे जाणून घ्यायचे आहे.

हा मजकूर इतरही वाचतील. म्हणून तुला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगतो; सहन कर.

भूकंपानंतर मी तुझ्याकडे आलो तो संक्रांतीच्या आठवड्यात. तोवर तुमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली होती. मी दारात उभा राहिलो तेव्हा तू जमिनीवर बसली होतीस, भोवती पंधरा-वीस मुले. मध्ये भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा उलटा अंथरलेला, आणि त्याच्या पाठीवर गेरू आणि कपड्यांच्या निळीने काढलेला दुसराच मुलूख. चार गावे, एक लांब वाट, वाटेच्या मध्यावर एक चौकोन.

"हे काय आहे?" मी विचारले.

"भूगोल."

"कुठला?"

"अजून ठरायचंय," तू म्हणालीस आणि हातातले चिंचोके फेकलेस. एका बाजूने घासून पांढरे केलेले सहा चिंचोके. तेच तुमचे फासे. तीन पांढरे पडले. मुले नकाशावर वाकली.

तुझ्या शेजारी संगीता नावाची नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"बाई, ह्यो कोन?"

"माझा दादा. नांदेडचा."

"ह्योच का त्यो कागदवाला?"

तू हसलीस. मीही हसलो. आपली कीर्ती इथवर पोहोचली, असे मला वाटले. ही चूक माझ्या नावे स्वतंत्रपणे नोंदवली आहे.

तू मग खेळाचा उगम सांगितलास. गावातली वडीलधारी माणसे म्हणत होती, पाप वाढले, देवी कोपली. तू वर्गात खडकाचे थर, त्यांच्या भेगा, सगळे फळ्यावर काढून समजावलेस. संगीताने शांतपणे ऐकले आणि विचारले, "थर-बिर समदं खरं हाय बाई. पर हालवलं कोनी? आन् आमी काय केलतं?" त्या प्रश्नाला फळ्यावर उत्तर नव्हते. म्हणून तू फळा सोडलास आणि जमिनीवर बसलीस.

तुझ्या त्या मुलुखात देव नाहीत. चौघेजण आहेत. आभाळापलीकडून कुठून तरी आलेले, वाट चुकलेले, अफाट शक्तीचे. माणसांनी त्यांना पाहिले, भ्याली, आणि हात जोडले. देव झाले ते त्या हात जोडण्याने. त्यांना कोणी विचारले नाही. हे ऐकताच माझ्यातला शिरस्तेदार जागा झाला. विनासंमती नेमणूक! मी तिथेच, त्या पत्र्याखाली, वहीचे पान फाडून मुद्दे लिहू लागलो.

पहिली कूसबाई. ती जमिनीच्या आत झोपली आहे. अंग अवघडले की कूस बदलते. तिचा कोणावर राग नाही. संगीता मला तपासणी अधिकाऱ्याच्या गांभीर्याने सांगत होती, "तिला ठावंच न्हाई आपुन वर हाव म्हनून. तिला निस्तं पाठीवर गुदगुल्या होतेत." मुले हसली. तू नंतर हळूच म्हणालीस की शेडमध्ये मुले पहिल्यांदा हसली ती कूसबाईच्या गुदगुल्यांना.

दुसरी ओलाई. ती ढगाएवढी आहे आणि तिला घरची आठवण येते. ती रडते तिथे पाणी होते. लोक समजतात, प्रसन्न झाली. तिसरा झळोबा. त्याला माणसे फार आवडतात, पण तो जवळ आला की करपतात. म्हणून तो लांब उभा राहून नुसता बघतो. आणि चौथा मुद्रेश्वर.

मुद्रेश्वराची चिठ्ठी तू मला वाचायला दिलीस. ती मी येथे जशीच्या तशी उतरवतो. "हा सर्वांत बलवान. बाकी तिघांना हा थांबवू शकतो. याला प्रत्येक हाक ऐकू येते. हाक आली की हा उठतो, चपला घालतो, निघतो. निम्म्या वाटेवरच्या चहाच्या टपरीपर्यंत येतो. चहा पितो. मग परत फिरतो आणि घरून कागद पाठवतो."

मी मनापासून दाद दिली. दौऱ्यावर निघून विश्रामगृहातून परतणारे साहेब मी आयुष्यभर पाहिले होते. सरकारी कारभाराची इतकी नेमकी नक्कल एका प्राथमिक शिक्षिकेने करावी, आणि ती माझी बहीण असावी, याचा मला अभिमान वाटला. मी म्हणालो, "याच्या कागदांचा मजकूर मी लिहितो. तुला ती भाषा जमायची नाही."

"मला ठाऊक होतं तूच लिहिशील," तू म्हणालीस.

नांदेडला परतून मी बारा कागद तयार केले. अर्ज विहित नमुन्यात नाही. सोबत दाखला जोडलेला नाही. प्रकरण विचाराधीन आहे. सदर हाक या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. तू ते पुठ्ठ्यावर चिकटवलेस. पुढची सगळी वर्षे मुलांनी मुद्रेश्वराला हाक मारली की त्यांच्या हाती माझ्या अक्षरातला एक कागद पडत असे.

नियमही मी लिहिले. ते श्रेय मी सोडणार नाही. देव कोणाही खेळाडूच्या हातात नसतील. चिंचोके नेतील तिकडे जातील. खेळाडूला फक्त हाक मारता येईल किंवा अर्ज लिहिता येईल. नववा नियम माझा सर्वांत आवडता होता. कोणताही अर्ज फाडला जाणार नाही. देव स्वतः गावच्या चौकात उभा राहून, सर्वांना ऐकू जाईल असे उत्तर देईपर्यंत तो प्रलंबित राहील. तू त्यावर एकच वाक्य लिहून पाठवलेस : "मंजूर, पण हा नियम तुला जड जाईल."

चहाच्या टपरीवर मात्र मी हरकत घेतली होती. देवाने निम्म्या वाटेवरून परतावे, याला कोणत्या नियमाचा आधार? ही तरतूद अन्यायकारक आहे. तुझे कार्ड आले : "दादा, ती तरतूद नव्हे. वस्तुस्थिती आहे."

मग आपला पत्रव्यवहार जो सुरू झाला तो थांबला नाही. भूकंपाबद्दल आपण कधीच बोललो नाही. देवांबद्दल बोललो. मी अनुक्रमांक घालून प्रश्न पाठवत असे. कूसबाईला स्वप्ने पडतात काय, आणि पडत असल्यास त्यांचे परिणाम कोणत्या गावाच्या हद्दीत? झळोबाला सावली असते काय? त्या चौघांची आपसात ओळख आहे काय, की प्रत्येकाला आपण एकटेच आलो असे वाटते? आणि ज्यांना देव म्हटले जाते, त्यांचे स्वतःचे दैवत कोण? या शेवटच्या प्रश्नाला तू दिलेले उत्तर मी अजून जपून ठेवले आहे : "ओलाई एका शेळीला मानते. सगळं गाव हात जोडून उभं होतं तेव्हा त्या शेळीनं मान वर केली नाही. चरत राहिली. तेव्हापासून ओलाई रोज तिच्यापुरता पाऊस पाडते."

मी हे पत्र बाररूममध्ये वाचून दाखवले होते. दोन ज्येष्ठ वकिलांनी शेळीच्या बाजूने युक्तिवाद केला.

आपले खरे भांडण एकच, आणि ते तू माहूरला आलीस त्या वर्षीचे. गडावर रेणुकामातेचे दर्शन घेऊन आपण पायऱ्या उतरत होतो. हारवाले, कुंकूवाले, रेटारेटी. मी म्हणालो की तुझ्या चौघांवर दायित्व येते. नैवेद्य स्वीकारला की करार झाला. शक्ती आहे, पूजा घेता, मग हाकेला उत्तर देणे बंधनकारक आहे.

तू पायरीवर थांबलीस. "दादा, मुंगीनं तुझ्या चपलेला नमस्कार केला तर तुझ्यावर कोणतं कलम लागतं?"

"मुंगीने नमस्कार केला हे मला कळले नसेल तर कोणतेच नाही."

"आणि कळलं असेल तर?"

"कळले असेल तर लागते."

"कुठलं?"

मी कलम शोधू लागलो. तू माझ्या हातातला प्रसादाचा पुडा घेतलास आणि दोन पायऱ्या उतरून मागे वळून म्हणालीस, "शोध, शोध. घाई नाही." तुझ्या तोंडावर हसू होते, पण डोळे हसत नव्हते. तेव्हा मी ते पाहिले आणि नोंद केली नाही.

पुढे तुझी लातूरला बदली झाली. तू ज्या गल्लीत वरचा मजला घेतलास तिथे दहा वर्षांत घरे दिसेनाशी झाली, नुसत्या पाट्या. खाली शिकवणी वर्ग, समोर वसतिगृह, शेजारी खाणावळ. अर्धापूर, देगलूर, मुखेड, उदगीर, कुठकुठची पोरे पाठीवर दप्तर आणि कपाळावर आईबापाची अपेक्षा घेऊन उतरायची. ज्या भूगोलाला त्यांच्या परीक्षेत स्थान नव्हते तो भूगोल शिकवणारी बाई वर राहते, हे त्यांना खिचडीच्या वासामुळे कळले, असे तू सांगायचीस. रविवारची चाचणी झाली की ती जिना चढून यायची. तू तोच उलटा नकाशा अंथरायचीस. अर्धापूरचा एक मुलगा दर वेळी घरच्या केळ्यांचा फणा आणायचा आणि तो झळोबाला दाखवून मग सगळ्यांत वाटायचा.

त्या पोरांनी पाचवा देव आणला होता. मेरिटोबा. तो झोप खातो. त्याला आदल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांचा धूप लागतो. त्याच्या देवळात सगळे रांगेत उभे असतात आणि रांगेत आपला क्रमांक कितवा हे भिंतीवर लिहिलेले असते. तू त्याला खेळात घेतले नाहीस. पोरे रुसली.

"बाई, ह्याला का नाही घेत? सगळ्यात पॉवरफुल हाय की!"

"तो आभाळापलीकडून आलेला नाही रे बाबांनो. तो इथलाच आहे. त्याला आपणच घडवलंय. आपल्याला मोडता येतो."

एवढ्यावरून ते प्रकरण पेटले. कोणा पालकाने तक्रार केली आणि संचालकांनी फर्मान काढले की वरच्या मजल्यावर जाण्यास मनाई; देवांची थट्टा आणि वेळेचा नाश. मला कळताच मी त्यांना सात पानी नोटीस धाडली. खेळ ही थट्टा कशी नव्हे, थट्टा असली तरी ती गुन्हा कशी नव्हे, सुटीच्या दिवशी नागरिकाने कोणता जिना चढावा यावर वर्गाचा अधिकार कसा पोहोचत नाही. माझ्या आयुष्यातला तो उत्तम मसुदा होता.

चार दिवसांनी तुझा फोन आला. हसून तुला बोलता येत नव्हते.

"दादा, तू काय करून राहिलास? सरांनी ती नोटीस वर्गात वाचायला काढली, आणि पहिल्या बाकावरची पोरं अक्षर बघून ओरडली, 'मुद्रेश्वराचा कागद आला! मुद्रेश्वराचा कागद!' सर घाबरून वर आले. म्हणाले, बाई, हे मुद्रेश्वर कोण? फार वरचे आहेत का?"

"तू काय सांगितलेस?"

"सांगितलं, हो, फार वरचे. पण काळजी करू नका, ते स्वतः येत नाहीत."

मी हसलो. शालू, मी तेव्हाही हसलो! संचालकांनी आठवड्याभरात मनाई मागे घेतली, आणि मी तो माझा विजय मानला.

आता तो शेवटचा फोन. मंगळवार होता. विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडले म्हणून मी पाणी पाहून आलो होतो आणि ओलाईबद्दल काहीतरी विचारायला तुला फोन लावला. बोलता बोलता मी जुना वाद काढला. मुद्रेश्वराला हाक खरोखर ऐकू येते, की नुसते तसे लिहिले आहे?

"येते ना. म्हणून तर कागद पाठवतो. ऐकू आलं नसतं तर स्वस्थ झोपला असता."

"मग तो दोषी आहे."

"दोषी कसला! घाबरलेला आहे बिचारा."

"एवढा बलवान, तो कशाला घाबरेल?"

खालच्या वर्गातून पोरांनी एका सुरात काहीतरी म्हटल्याचा आवाज आला. मग तू म्हणालीस, "ते तू मला सांग. मी खूप वर्षं वाट बघून राहिले आहे." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवलास.

पुढचे दोन दिवस मी तर्क लिहिले. अकरा झाले. अन्य तिघांच्या शक्तीला घाबरतो. पूजा बंद होण्याला घाबरतो. आपण देव नाही हे उघड होण्याला घाबरतो. मला सातवा तर्क विशेष पसंत होता, तो तुला गुरुवारी संध्याकाळी सांगणार होतो. गुरुवारी दुपारी लातूरहून फोन आला.

तुझ्या बिऱ्हाडाची आवराआवर करायला मी लातूरला गेलो तेव्हा एक बाई जिना चढून आली. परिचारिकेचा पांढरा वेष, हातात डबा. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि त्या नजरेवरून मी ओळखले. संगीता.

"काका, तुमी नांदेडकर का?"

"हो."

"अगं बया! म्हंजे देव तुमीच की!" तिने पटकन हात जोडले, आणि मग जीभ चावली.

शालू, तुमच्या शेडमधली सगळी मुले मुद्रेश्वराला 'नांदेडकर' म्हणत होती. अगदी पहिल्यापासून. "नांदेडकराला हाक मार, कागद येतोय." सगळ्यांना ठाऊक होते. एकट्या नांदेडकराला ठाऊक नव्हते. मी तिला विचारले, टपरीचे काय? ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बाईला म्हाईत होतं, काका. त्या येस्टीचा कंडक्टर आमच्याच गावचा. त्यानं सांगितलं, बाई, तुमचे भाऊ अहमदपूरला उतरले, च्या पिले, आन् परतीच्या गाडीत बसले. बाई म्हनल्या, असूद्या, त्यांचं काम निघालं आसंल."

येथे दुसऱ्या क्रमांकाची नोंद दुरुस्त करतो.

तुझे कार्ड मला दसऱ्याच्या सुमारास मिळाले. "मी सुखरूप आहे. बाज अंगणात होती म्हणून वाचले. खोली पडली. तू ये." मी त्याच दिवशी निघालो. अहमदपूरला गाडी थांबली. मी उतरून स्थानकाच्या बाकावर टेकलो. शेजारी एक माणूस येऊन बसला. माझ्याच वयाचा, स्वच्छ धोतर. मांडीवर एका लहान मुलाचे दप्तर होते. तो त्याच्या पट्ट्याची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. माझ्या खिशातले पेन त्याला दिसले.

"सायेब, अर्ज लिवता का?"

"कशाचा?"

"ते न्हाई ठावं. लिवा तर."

मी कागद काढला. 'प्रति' लिहिले. पुढे कोणाला, ते सुचेना. विषय काय, ते सुचेना. मला येत नाही असा एकही अर्ज तोवर नव्हता. तो माझ्या पेनाकडे बघत राहिला, अगदी विश्वासाने. मी म्हणालो, "जरा चहा घेऊन येतो." चहा घेतला आणि समोर उभ्या असलेल्या नांदेडच्या गाडीत चढलो.

घरी येऊन तुझ्यासाठी मी चार अर्ज लिहिले. बदली, तात्पुरता निवारा, शाळेचे साहित्य, वैद्यकीय तपासणी. चारही निर्दोष. नकला तुला धाडल्या. तुला कळवले की कोर्टात तारीख होती. ती खोटी तारीख आहे, शालू. माझ्या हातून गेलेली एकमेव.

तुझ्या वर्गात किती मुले कमी झाली, त्यांची नावे काय, हे मी तुला कधीच विचारले नाही. तू सांगशील आणि मला 'विषय' सुचणार नाही, म्हणून विचारले नाही. देवांबद्दल विचारत राहिलो. तूही मला देवांबद्दलच सांगत राहिलीस, आणि त्यांतल्या एकाला माझ्या चपला घातल्यास. ही शिक्षा होती की माया, याचा निर्णय मला करता येत नाही. राग म्हणावा तर तू तीस वर्षे माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलेस. शेळीसकट.

संगीताने तुझ्या कपाटातून एक कापडी पिशवी काढून दिली. नववा नियम तू पाळला होतास. शेडमधल्या मुलांचे, शिकवणीतल्या मुलांचे, मुद्रेश्वराच्या नावचे सगळे अर्ज. "माझी बहीण वापस द्या." "चाचणी पुढे ढकला." "मला डॉक्टर व्हायचे नाही हे पप्पांना तुम्ही सांगा." एकही फाडलेला नाही. सर्वांत तळाशी वहीचे दुमडलेले पान, तुझे अक्षर.

"प्रति, मुद्रेश्वर महाराज. विषय : येण्याबाबत. आपले चारही कागद मिळाले. भाषा सुंदर आहे. अर्जदारास काहीही नको. एकदा येऊन पत्र्याखाली बसावे. बोलले नाही तरी चालेल."

खाली, पुठ्ठ्यावरून काढलेला माझाच कागद टाचणीने जोडलेला होता. अर्ज विहित नमुन्यात नाही.

मी तो पुष्कळ वेळ हातात धरून होतो. संगीताने डब्यातला भात मला वाढला आणि जेवेपर्यंत समोर बसून राहिली. ती काही बोलली नाही. त्या मुलीला तू हे शिकवले आहेस.

येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी सकाळी तुझी मुले तुझ्या नोकरीच्या त्या गावी, शाळेसमोरच्या चौकात जमणार आहेत. तोच नकाशा उलटा अंथरणार आहेत. शेडमधली येतील, लातूरच्या गल्लीतली येतील, अर्धापूरहून केळी येतील. पिशवीतले अर्ज एकेक करून मोठ्याने वाचायचे, असे ठरले आहे. त्यांनी मला विचारले, कागद पाठवणार का? मी नाही म्हणालो. अहमदपूरला गाडी थांबेल तेव्हा मी उतरणार नाही, असे संगीताला सांगितले आहे. ती म्हणाली, "उतरा की. च्या प्या. पर म्होरच्या गाडीत बसा."

माझे अकरा तर्क मी रद्द करतो. वरील यादीतील खडक, अधिकारी, संचालक आणि डॉक्टर यांच्याविरुद्धच्या तक्रारी आहेत तशा राहतील; माझा राग संपलेला नाही. परंतु दुसऱ्या नोंदीसमोर आता एकच नाव आहे, आणि माहूरच्या पायरीवर तू विचारलेले कलम मला अजूनही सापडलेले नाही. कळले होते, एवढे मात्र सिद्ध आहे.

सबब, मुद्रेश्वर ऊर्फ नांदेडकर यास जाहीर नोटीस देण्यात येते की, त्याने उक्त रविवारी कोणताही कागद न आणता, गावच्या चौकात, सर्व अर्जदारांसमोर स्वतः उभे राहावे. आधी तिच्या वर्गातून कमी झालेल्या त्या मुलांची नावे विचारावीत आणि ती शेवटपर्यंत ऐकावीत. त्यानंतर, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, अर्जदार शालिनी हिला उत्तर द्यावे : तिने 'तू ये' म्हटले तेव्हा तू कशाला घाबरलास?